वेल्समधले किल्ले: सासऱ्यांना कुठले दाखवू? (कारमार्थनशर, दोन दिवस)

रेडिंगची_सून:
नमस्कार मंडळी, सासूसासरे नाशिकहून आलेत दीड महिन्यासाठी. सासरे आयुष्यभर गडकोट हिंडलेले, हरिहर पन्नाशीनंतर चढलेत, आता गुडघे कुरकुरतात पण कबूल करायचं नाही. टॉवर ऑफ लंडन दाखवला तर म्हणे "हा वाडा झाला गं, किल्ला कुठाय?" 😅 म्हणून वेल्सचं ठरवतोय. कॉन्वी, कार्नार्वन वगैरे आम्हाला फार लांब पडतं. ऑफिसमधला एक जण म्हणाला की खाली लान्डायलोच्या आसपास वेल्श राजांचे आणि नॉर्मन लोकांचे (फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेले) असे दोन्ही किल्ले एकाच दिवसात होतात. कोणी गेलंय का? गूगलची यादी नको, ती मी पण काढली आहे, काय बघायचं आणि काय सोडायचं ते सांगा.

स्वान्सीकर:
ऑफिसवाल्याला चहा पाजा, बरोबर सांगितलंय त्याने. एकच बघायचा असेल तर डोळे झाकून कारेग केनेन. ट्रॅप नावाचं छोटं गाव आहे, तिथे एका फार्मच्या आवारात गाडी लावायची आणि मेंढ्यांच्या कुरणातून वर चालत जायचं. चढ छोटा पण खडा आहे. एका बाजूला चुनखडीचा सरळ तुटलेला कडा, नदीपासून साधारण ९० मीटर, त्याच्या टोकावर किल्ला, आपल्याकडच्यासारखाच. खरी मजा खाली आहे. कोपऱ्यातून पायऱ्या उतरतात, मग कड्याच्या अंगाने दगडी बोळ, त्याला झरोके, आणि बोळ संपला की नैसर्गिक गुहा सुरू, आत मिट्ट काळोख. मोबाईलच्या उजेडावर जाऊ नका, पायाखाली ओलं आणि उंचसखल असतं, मी मागच्या वेळी ढोपर फोडून घेतलंय.
एक गंमत, हा किल्ला खाजगी मालकीचा आहे. १९६० च्या दशकात लॉर्ड कॉडरच्या इस्टेटीने फार्म विकला तेव्हा कागदपत्रांत चुकून किल्लाही गेला, आणि शेतकरी किल्लेदार झाला. देखभाल मात्र काडू करते, म्हणजे वेल्सचं पुरातत्त्व खातं समजा.

जुना_किडा:
थोडी भर घालतो, नाहीतर सासरे विचारतील आणि तुम्ही अडकाल. कारेग केनेनची जागा मूळ वेल्श राजांची, पण आज जे बांधकाम दिसतं ते इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने १२८३ मध्ये ती जागा जॉन गिफर्ड या इंग्रज सरदाराला दिल्यानंतरचं. पुढे इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर घराणी भांडत होती, तेव्हा १४६२ मध्ये यॉर्कवाल्यांनी ५०० माणसं लावून पहारी-कुदळींनी तो पाडला, शत्रूला परत वापरता येऊ नये म्हणून. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि दरवाजे फोडले, तोच प्रकार.
अस्सल वेल्श हवे असतील तर दिनेव्हर आणि द्रिस्लूइन, दोन्ही तवी नदीच्या खोऱ्यात. दिनेव्हर म्हणजे दक्षिण वेल्सच्या देहायबार्थ राज्याची गादी, तिथल्या लॉर्ड रीस या वेल्श राजाचं ठाणं. गोल बुरुजावर १७ व्या शतकात जमीनदारांनी हवा खायला बंगली बांधली, तिच्या खिडक्या अजून दिसतात. बुरुजाच्या डोक्यावर बंगली! पण वरून खोरं काय दिसतं, नदी नुसती वळणं घेत जाते.
द्रिस्लूइनचा फक्त सांगाडा उरलाय पण गोष्ट भारी. तिथला वेल्श सरदार रीस आप मारेदीद (हा वेगळा रीस) १२८२ च्या युद्धात स्वतःच्या लोकांविरुद्ध एडवर्डच्या बाजूने लढला, बक्षीस म्हणून दिनेव्हर मिळेल अशी आशा होती, मिळाला नाही, मग १२८७ मध्ये बंड केलं. इंग्रजांची ११,००० च्या वर फौज आली, दगडफेकीचं अवाढव्य यंत्र ओढत आणलं, भिंतीखाली भुयार खणलं आणि तीच भिंत खणणाऱ्यांवर कोसळून इंग्रजांचेच सरदार गेले. तरी किल्ला पडलाच.

रेडिंगची_सून:
बापरे, हे सगळं त्यांना वाचून दाखवलं, चष्मा काढून ऐकत होते. पण दिनेव्हरला किती चालायला लागतं? आणि सासूबाईंना चढायचं नाहीये, त्यांना एक तरी सपाटीवरचा पाहिजे.

दोन_पोरांची_आई:
ताई, दिनेव्हरला नॅशनल ट्रस्टच्या (जुन्या वास्तू जपणारी संस्था) पार्कमध्ये गाडी लावायची, पार्किंगचे पैसे पडतात, किल्ल्याला तिकीट नाही. झाडीतून चढत वीस-पंचवीस मिनिटं, अध्येमध्ये बसत गेलं तर होऊन जाईल. वाटेत पांढऱ्या गाई दिसतात, काळे कान आणि काळं नाक, आमची पोरं किल्ला विसरून तिथेच थांबली. द्रिस्लूइन पण फुकट. डबा घेऊन जा, किल्ल्यांवर काही मिळत नाही, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, वाऱ्याने चटणीची पुडी उडाली पार नदीकडे 😂
सासूबाईंसाठी किडवेली. गावातच आहे, गाडी जवळ लागते, आवार बरंच सपाट, बुरुजांवर चढायचं नसेल तर खाली बसून राहता येतं. हा नॉर्मन, बाहेरची तटबंदी अर्धवर्तुळाकार आणि दरवाजा तर एवढा थोरला की तोच एक किल्ला वाटतो. दाराबाहेर ग्वेनलियन या वेल्श राणीचं स्मारक आहे ते चुकवू नका.

जुना_किडा:
ग्वेनलियनबद्दल सासूबाईंना नक्की सांगा. नवरा कुमक आणायला उत्तरेत गेलेला, नॉर्मन चालून आले म्हणून ही स्वतः फौज घेऊन गेली, १२ व्या शतकात, सन ११३६. किडवेलीजवळ हरली, पकडून मुंडकं उडवलं. त्या जागेला अजून मायस ग्वेनलियन म्हणतात, ग्वेनलियनचं मैदान. वर दिनेव्हरचा लॉर्ड रीस म्हटलं ना, तो हिचाच मुलगा, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. म्हणून माझं मत, आधी किडवेली आणि मग दिनेव्हर, क्रम उलटा करू नका.

खाडीवाला:
सगळे पेम्ब्रोकला का विसरले? थोडं पुढे गेलं की विल्यम मार्शल या सरदाराने बांधलेला गोल बालेकिल्ला, आतून वर चढता येतं, इंग्लंडचा राजा सातवा हेन्री १४५७ मध्ये तिथेच जन्मला. ह्या पडक्या भिंतींपेक्षा पाहुण्यांना तोच आवडेल.

स्वान्सीकर:
@खाडीवाला पेम्ब्रोक मस्तच, वाद नाही, पण डागडुजी करून इतका चकाचक आहे की ज्यांना टॉवर ऑफ लंडन वाडा वाटला ते इथे काय म्हणतील 😀 त्यापेक्षा वेळ उरला तर लान्स्टेफन. तवीच्या मुखावर, खाली वाळू, फुकट. मोठा दरवाजा नंतर चक्क बुजवून राहायचं घर केलं आणि शेजारी लहान दरवाजा काढला, बुजवलेली कमान स्पष्ट कळते. संध्याकाळी जा.
आणि कारेग केनेन, किडवेलीच्या तिकिटांचं आधी बघून ठेवा, इंग्लिश हेरिटेजची (इंग्लंडमधले जुने किल्ले वगैरे सांभाळणारी संस्था) मेंबरशिप असेल तर काडूकडे सवलत असते.

रेडिंगची_सून:
ठरलं! शनिवारी किडवेली-लान्स्टेफन, रविवारी दिनेव्हर आणि शेवटी कारेग केनेन, द्रिस्लूइन जाताजाता. सासरे म्हणतात गुहेत मी पुढे, तुम्ही मागे. नाशिकहून येताना बॅगेत हेडटॉर्च आणलाय हे आज कळलं, सासूबाईंनाही माहीत नव्हतं.