अनुभव धागा : म्हातारपणी सांभाळायचं कुणी, आणि पैसे कुणी द्यायचे?

आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणारी मुलं नालायक की हतबल, यावर भांडायला हा धागा नाही. तो वाद दर गणपतीत कुणाच्या ना कुणाच्या घरी रंगतोच. मला हवेत ते हिशेब. मुंबईत आणि आसपास राहणाऱ्यांनी लिहा : घरात माणूस अंथरुणाला खिळलं तेव्हा पैसे कुणी दिले, रात्री कोण उठलं, आणि हे ठरवलं कुणी. माणसांची, हॉस्पिटलांची, ब्युरोंची नावं नकोत.

सुरुवात मीच करते. सासूबाईंना पॅरालिसिस झाला तेव्हा आम्ही मुलुंडला वन बीएचकेत राहत होतो. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधून गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिस्चार्जनंतर जे सुरू झालं त्यातलं काहीच आमच्या पॉलिसीत बसत नव्हतं. दिवसाची बाई, फिजिओ, एअर बेड, डायपर, कॅथेटर बदलायला येणारा ब्रदर. नवरा आणि दीर यांनी सगळा खर्च निम्मानिम्मा वाटून घेतला. एक्सेल शीट केली, दर महिन्याला हिशेब चुकता. शीट अगदी चोख होती, पण तिच्यात माझ्या नोकरीचा रकाना नव्हता. मी खासगी शाळेत शिकवत होते, ती नोकरी सोडली. माझा बुडालेला पगार शीटमधल्या कुठल्याही रकमेपेक्षा मोठा होता, आणि तो मोजावा असं घरात कुणाला सुचलं नाही. दीर स्वभावाने खरंच चांगले आहेत, म्हणून तर जास्त लागतं.

गिरणगाववाला

आमच्याकडे एक्सेल नव्हतं. वडील गिरणी कामगार. ८२च्या संपानंतर त्यांना परत घेतलं नाही, मग एका कारखान्यात वॉचमन झाले. तिथे पीएफ कापला जायचा म्हणून ईपीएस-९५ची पेन्शन आली, महिना १,००० रुपये. २०१४ साली हीच किमान रक्कम ठरली. एक हजार रुपयांत डायपरचं एक मोठं पाकीट आणि वर चहापुरते सुटे.

लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला. चाळीत माणूस चालेनासा झाला की पहिला प्रश्न पैशाचा नसतो, संडासाचा असतो. आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं, खाली बादली ठेवली. बादली न्यायची म्हणजे सात दारांसमोरून. वडिलांना त्याची इतकी लाज वाटायची की त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. त्यातून लघवीचं इन्फेक्शन झालं आणि हॉस्पिटलात भरती करावं लागलं. मी कामावर, बायको पोळीभाजी केंद्रात. दुपारी शेजारच्या काकी येऊन भरवायच्या. दिवाळीला त्यांना साडी दिली. त्याचा दर काय लावणार? आता चाळ पाडून टॉवर होतोय. काकी कितव्या मजल्यावर जातील कोण जाणे.

वडिलांच्या आजारपणात कुणीतरी सांगितलं, श्रावणबाळ योजनेत अर्ज करा, महिना १,५०० मिळतात. चौकशी केली, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. एवढ्या उत्पन्नात मुंबईत माणूस पासष्टीपर्यंत पोचतो कसा, हे अट घालणाऱ्यानेच सांगावं.

बोरिवली पूर्व

लग्न न झालेली मुलगी घरात असली की कुणी सांभाळायचं हे ठरवायला मीटिंग भरतच नाही. भाऊ न्यू जर्सीहून पैसे पाठवतो, वेळेवर पाठवतो. शिवाय आईच्या खोलीत त्याने कॅमेरा बसवून दिलाय. मध्यरात्री तिथून फोन येतो, "ताई, आईची उशी सरकली आहे बघ."

पार्लेकर, वय ७६

मुलांनी पैसे द्यावेत या मताचा मी नाही. त्यांना त्यांची लोनं आहेत, मुलांच्या फिया आहेत. पण माझी स्थिती अशी की राहतो तो फ्लॅट काही कोटींचा आणि हातात येतं ते फक्त एफडीचं व्याज. माझ्यासारखीच मुंबईतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची गत असावी, घर श्रीमंत आणि माणूस काटकसरी. रिव्हर्स मॉर्गेज २००७पासून आहे. म्हणजे घर बँकेकडे तारण ठेवायचं, राहायचं तिथेच आणि बँकेकडून दरमहा पैसे घ्यायचे. माझ्या ओळखीत कुणी घेतलेलं नाही. विषय काढला तर मुलगा म्हणाला, "बाबा, लोक काय म्हणतील?" लोकांचं मला माहीत नाही, तो काय म्हणत होता ते कळलं.

ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मानचं ५ लाखांचं कवच मिळतं. कार्ड मी काढलंय, तुम्हीही काढा. पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर. मला भीती भरती व्हायची नाही. गुडघे आणि डोळे गेल्यावर रोज आंघोळ कोण घालणार, याची आहे. हल्ली फ्लॅट विकून तळेगावला सेवा देणाऱ्या ज्येष्ठांच्या संकुलात जावं म्हणतो. घरात त्यावरून अबोला चालू आहे.

वकील नाही पण फाईल तोंडपाठ

वडिलांनी डोंबिवलीचा फ्लॅट बक्षीसपत्राने थोरल्या भावाच्या नावावर केला. वर्षभरात त्यांची कॉट हॉलमधून गॅलरीत गेली. गॅलरी बंदिस्त होती, पाऊस आत येत नव्हता, हे भाऊ प्रत्येक तारखेला सांगायचा.

२००७चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा, आईवडिलांना स्वतःला करता येतो. कायद्यात मुदत नव्वद दिवस, फार तर आणखी तीस. आमचं त्यात आटोपलं नाही. निर्वाहाची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये, आणि तेवढ्यात इथे दिवसपाळीची बाईही मिळत नाही. कायद्याचा खरा दात म्हणजे कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. मात्र ती अट होती हे दाखवावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तसं म्हटलंय. जानेवारी २०२५च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. आमच्या कागदात "मुलगा आमचा सांभाळ करील" अशी ओळ होती. टायपिस्टने सवयीने घातलेली. तिच्यावरच निभावलं. कुणी बक्षीसपत्र करत असाल तर ती ओळ आधी घालून घ्या, मग सही करा. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र करा, हयातीत काही देऊ नका.

वडील मात्र पहिल्या तारखेला माझ्यावरच चिडले होते. "पोरावर केस करायला लावलीस."

गिरणगाववाला

@वकील नाही, मुलींवर पण जबाबदारी येते ना यात? तुम्ही किती देता?

वकील नाही पण फाईल तोंडपाठ

येते. लग्न झालेल्या मुलीवरही येते, सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा यायच्या आधीच, १९८७ साली सांगितलंय. औषधं माझ्याकडे आहेत, आणि आता वडीलही. गंमत म्हणजे या कायद्याच्या "अपत्य" व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, पण सून नाही. २०१९ला दुरुस्तीचं विधेयक आलं होतं, त्यात सून आणि जावई घेतले होते.

धागाकर्ती

म्हणजे नोकरी मी सोडली आणि कायद्याला मी माहीतच नाही. छान.

नाइट ड्युटी

मी पेशंट सांभाळायचं काम करते. टायपिंग मुलगी करतेय. इथे सगळे बाईचा खर्च बाईचा खर्च लिहितात म्हणून लिहिते. घरवाले ब्युरोला बारा तासांचे ९०० देतात, माझ्या हातात ६५० येतात. कळव्याहून ट्रेनचा पास माझा. पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा पडतात, म्हणून रात्री डोळा लावायचा नाही. काही घरी माझा कप वेगळा ठेवतात. काही घरी आजी म्हणतात, "आधी तू जेव." पेशंट गेला की काम गेलं. त्या घरात सगळे रडत असतात, मला पण रडू येतं, मग जिन्यात उतरून ब्युरोला फोन करते. सुट्टी, पीएफ काही नाही. माझी आई चिपळूणकडे गावाला आहे, तिचं भावजय बघते. मी दर महिन्याला पैसे पाठवते. म्हणजे वरच्या न्यू जर्सीवाल्या भावासारखीच मी, फक्त कळव्याहून.

बोरिवली पूर्व

ताई, तुम्ही कॅमेरा तर नाही ना बसवलात.

नाइट ड्युटी

गावाला रेंजच नाही.

टोकियोत बहीण

बहीण जपानमध्ये आहे. तिथे २०००पासून काळजी-विमा सक्तीचा आहे. चाळिशी आली की हप्ता सुरू. म्हातारपणी माणसाला किती मदत लागते ते तपासून श्रेणी ठरते, त्याप्रमाणे घरी मदतनीस येतात किंवा डे केअरची गाडी न्यायला येते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा द्यावा लागतो. जर्मनीत असा विमा १९९५पासून आहे. आपल्याकडे पगारदारांची संख्या पाहता लगेच जमणार नाही हे मान्य. पण निदान वॉर्डावॉर्डात दिवसा म्हातारी माणसं ठेवता येतील अशी जागा पालिकेने का देऊ नये? पाळणाघराला आपण नाकं मुरडत नाही.

चार भावंडं

धागाकर्तीच्या रकान्यावरून सांगतो. आई दहिसरला वहिनीकडे असते, दादा गेल्यावरही. वहिनी शिवणाचे क्लास घ्यायच्या, ते बंद पडले. आम्ही तिघं उरलेली भावंडं मिळून त्यांना दरमहा १८,००० देतो, आईचा औषधपाणी, बाई हा खर्च वेगळा. महिन्यातून चार दिवस आम्ही पाळीपाळीने तिथे राहतो आणि वहिनी माहेरी किंवा कुठेही जातात, विचारायचं नाही. नातेवाइकांनी नावं ठेवली. मामा म्हणाले, "सुनेला पगार देऊन मोलकरीण केलंत." वहिनी तिथेच म्हणाल्या, "मामा, फुकट करत होते तेव्हा तुम्ही काय म्हणत होता मला?"

दर पाडव्याला हजार रुपये वाढ, असं लिहून ठेवलंय. यंदा त्यांनी दोन हजार मागितलेत. मी आणि ताई हो म्हणालो, धाकट्याने ग्रुपवर मेसेज वाचलाय, उत्तर अजून दिलेलं नाही.