‘फ्री सॉफ्टवेअर’ला मराठीत काय म्हणावं: मुक्त, मोफत की मोकळं?

नौपाडाकर: रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये नवख्यांना लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या संगणक प्रणालीची, ओळख करून द्यायची आहे. पत्रकात ‘मुक्त सॉफ्टवेअर’ लिहिलं होतं. मुद्रितशोधकाने त्याचं ‘मोफत’ केलं, कारण ‘मुक्त’ वाचून लोक विचारणार, कशापासून मुक्त? उद्या छपाई आहे. काय ठेवावं?

ऐरोली_८: ‘मोफत’ अजिबात नको. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमननी १९८३ साली ‘फ्री’ संगणक प्रणाली बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्या चळवळीतल्या ‘फ्री’चा किमतीशी संबंध नाही. हवं तसं वापरणं, आतली रचना पाहून बदलणं, प्रती वाटणं आणि बदललेल्या प्रतीही वाटणं, अशी ती चार स्वातंत्र्यं. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात अडकलेत, म्हणून त्यांना दर वेळी खुलासा करावा लागतो. आपल्याकडे दोन शब्द आयते आहेत. शिवाय दुकानदाराने बिनपरवाना विंडोज घालून दिलं असेल तर तेही गिऱ्हाइकाच्या लेखी मोफतच. मग ‘मोफत’ वाचून त्याला नवं काय कळणार?

कळवेकर: तरी मुद्रितशोधकाची शंका रास्त आहे. करमुक्त, कर्जमुक्त, व्यसनमुक्त: ‘मुक्त’ समासात शेवटी आला की आधीच्या पदापासून सुटका. आधी आला की बंधन नसलेला, जसं मुक्तछंद. पण खरी अडचण पुढेच आहे. ‘मुक्त विद्यापीठ’ हा ‘ओपन’चा अनुवाद. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ (आतला कोड सर्वांना खुला) हा शब्द मुद्दाम वेगळा काढला गेला, त्यालाही आपण ‘मुक्तस्त्रोत’ म्हणतो. फ्रीही मुक्त, ओपनही मुक्त! स्वातंत्र्यावर भर देणारे ‘फ्री’वाले आणि व्यवहारी फायद्यावर भर देणारे ‘ओपन’वाले यांच्यातला वाद मराठीत उमटतच नाही.

सीवूड्स: मग ओपनला ‘खुलं’ म्हणा.

ऐरोली_८: हिंदी वळणाचं वाटतं.

सीवूड्स: खुलं पत्र, खुलं अधिवेशन, खुला वर्ग यांतलं काय परकं वाटतं? असं गाळायला बसलात तर ‘मोफत’ही फारसी ‘मुफ्त’वरून आलाय. फ्रीसाठी ‘मोकळं’ घ्या. प्राकृतातल्या ‘मुक्कल’वरून आलेला, म्हणजे ‘मुक्त’च्याच घरातला, आणि रोज तोंडी असलेला.

कळवेकर: मोकळी जागा, मोकळा हंडा. ‘मोकळं सॉफ्टवेअर’ म्हणजे आत काहीच नाही असं वाटेल.

घोडबंदर: शब्द कोणताही ठेवा, पण त्याखाली ‘तुमची एक रोजची फाइल पेनड्राइव्हवर आणा’ हे ठळक छापा. लोक पांगतात ते तिथे. जुनी मराठी पत्रं बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी पद्धत). फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत असतात, फॉन्ट त्यांच्या जागी फक्त देवनागरी आकार दाखवतो. तो फॉन्ट नसला की लिब्रेऑफिस या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अगम्य अक्षरं येतात आणि ‘याने माझी फाइल बिघडवली’ असा समज होतो. आधी दोन पानं युनिकोडमध्ये बदलून दाखवा.

पहिल्याच दिवशी विंडोज काढू नका. विंडोजवरच फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस द्या. मिंट ही लिनक्सची आवृत्ती दाखवायची तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे संगणकात न बसवता, चालवा आणि डिस्कला हात लागत नाही हे आधी सांगा. पेनड्राइव्ह यूएसबी ३ चा घ्या. जुन्या २ च्यावर सगळं रेंगाळतं आणि दोष लिनक्सच्या माथी बसतो. रॅम ४ जीबी असावी. सिक्युअर बूट (फक्त मान्य प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर परत विंडोज सुरू करताना ती मागेल. वायफाय सापडलं नाही तर यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलने संगणकाला.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. ज्यांच्या लॅपटॉपवर ११ चढत नाही, त्यांना ‘मुक्त’चा अर्थ सर्वात लवकर पटतो.

ऐरोली_८: कळवेकर, तुम्ही वर ‘मुक्तस्त्रोत’ लिहिलंय. ‘स्रोत’ हवं. धातू ‘स्रु’, वाहणे. त्यात आधी ‘त’ नाहीच. ‘सहस्त्र’ची तीच चूक.

कळवेकर: चूक मान्य.

सीवूड्स: मला मान्य नाही. वर्तमानपत्रांत ‘स्त्रोत’ सर्रास दिसतो. रूढ झालेलं अशुद्ध किती वर्षं अशुद्ध म्हणणार?

ऐरोली_८: रूढ झाली तरी चूकच आहे ती. आज सोडली तर नवखे हेच शिकतील.

घोडबंदर: इनस्क्रिप्ट या कळफलकावर स, हलन्त, र एवढंच. आणि छापखान्याला वर्ड फाइल देऊ नका, लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढा, फॉन्ट त्यातच जातो.

नौपाडाकर: पीडीएफच देतो. पण शीर्षकात ‘मुक्त’ की ‘मोकळं’? सकाळी दहाला फाइल द्यायची आहे.

सीवूड्स: आधी ‘स्त्रोत’चं संपवू.