हॅरी पॉटरचा किल्ला आणि आपली वसई

बी ४०२ काकू:
नमस्कार मंडळी, काल पहाटे परत आलो लेकाकडनं. वर टाकलेले फोटो अ‍ॅनिकच्या किल्ल्याचे आहेत, स्पेलिंगमध्ये एल आणि डब्ल्यू दोन्ही आहेत पण तिकडे कोणी उच्चारत नाही. इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलच्या वर, स्कॉटलंडच्या बाजूला. हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन पिक्चरचं (२००१, २००२) शूटिंग इथे झालंय, पोरं झाडूवर बसून उडायला शिकतात ना, ते ह्याच किल्ल्याचं बाहेरचं पटांगण

ए १०३:
काकू आमच्या चिरंजीवांनी फोटो बघून सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय 😄 खरंच झाडू देतात का हो?

बी ४०२ काकू:
अगं देतात तर! झगा घातलेला एक जण सगळ्यांना रांगेत उभं करतो, झाडू दोन पायांत, तीन म्हटलं की उडी, आणि आपण नेमका तेव्हाच फोटो काढायचा म्हणजे पोरगं हवेत दिसतं. आमच्या नातवाचे अकरा काढले तेव्हा एकात पाय सुटलेले आले.
पण मला सांगायचंय ते वेगळंच. झाडू झाल्यावर तिथल्या बाईंनी त्याच पोरांना दरवाजापाशी नेलं, तिथे तटावर दगडी माणसं उभी केलीत, लांबून पहारेकरीच वाटतात. आणि तिथे उभं राहून सांगितलं, की ११७४ साली स्कॉटलंडचा राजा विल्यम हा किल्ला घ्यायला आला आणि सकाळच्या दाट धुक्यात स्वतःच पकडला गेला. नातू सात वर्षांचा, परतीच्या गाडीत झाडूचं नाव नाही, राजाला धुक्यात ओळखलं कसं हेच चाललेलं. १३०९ पासून एकच घराणं आहे तिथे, पर्सी, अजून राहतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर लोकांना उघडा, थंडीत बंद

सी ७०१:
काकू छानच, पण वसईच्या किल्ल्यात काय कमी शूटिंग झालंय, कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २०१६ च्या गाण्याच्या व्हिडिओतसुद्धा आहे. मी गेल्या महिन्यात गेलो होतो. चर्चच्या भिंतीत वडाची मुळं घुसलीत आणि त्याच्याच खाली प्री-वेडिंगवाल्यांचा चकचकीत कागदाचा चुरा आणि रंगीत धुराची रिकामी नळकांडी, तसंच टाकून गेले. जीव तुटतो हो बघून. माझं मत विचाराल तर शूटिंग बंदच करा

बी ४०२ काकू:
चीड मलाही येते दादा. पण परवानगीशिवाय शूटिंग करता येतच नाही तिथे, केंद्राची संरक्षित वास्तू आहे, कचऱ्याची अट त्या परवानगीतच कडक हवी. बंद केलं तर जी चार पोरं व्हिडिओ बघून येतात तीही यायची नाहीत. आलेल्या पोराला दरवाजापाशी उभं करून सांगणारं कोणी नाही, हे माझं दुखणं आहे. १५३४ पासून पोर्तुगीज होते, दोनशे वर्षं, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला, किती माणसं पडली त्यात. तिथल्या चर्चच्या घंटा मग आपल्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा वसईचीच

ए १०३:
काय सांगता!! माझं माहेर नाशिक, लहानपणापासून त्या घंटेखाली खेळलोय, हे कोणी कधी बोललंच नाही घरी 😮

सी ७०१:
हे मात्र पटलं. मी येतो मुलांना घेऊन, तुम्ही सांगा

सेक्रेटरी:
मग पुढचा रविवार धरू? सकाळची विरार लोकल, वसईला उतरून रिक्षा. ऊन चढायच्या आत फिरून व्हायला हवं, पाणी प्रत्येकाने आपलं. मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या मी घेतो, तो चुरा उचलून आणू

ए १०३:
आम्ही तिघं. मुलगा विचारतोय झाडू आणू का

बी ४०२ काकू:
आण म्हणावं, फोटो मी काढते