साइड व्हीलच्या स्कूटरचं मागचं चाक पावसात घसरतं, त्यात दोष टायरचा नाही

खाडीपलीकडचा
उजवा पाय पोलिओचा, गेली नऊ वर्षं साइड व्हील (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची जादा चाकं) लावलेली ११० सीसी गिअरलेस स्कूटर चालवतोय, कळवा ते रबाळे एमआयडीसी आणि परत, विटावा-दिघा-ऐरोली करत. दर पावसाळ्यात आपल्या लोकांचा एकच प्रश्न, मागचा टायर पकडत नाही, कुठला टाकू. मीही तेच करत होतो. तीन वर्षांत दोन टायर बदलले, दुसरा तर पावसासाठी म्हणून महागातला, आणि गेल्या जूनमध्ये विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून वर येताना त्याच नव्या टायरवर गाडी अडकली. चढ काही फार नाही पण गाळ पसरलेला, मधलं चाक जागच्या जागी फिरतंय, रेस दिली की नुसता चिखल मागे उडतोय, पाठीमागे टँकर हॉर्न वाजवतोय आणि मी काही उतरून गाडी ढकलू शकत नाही. एका भाजीवाल्याने आणि कॉलेजच्या एका पोराने ढकललं तेव्हा निघालो.

त्या रविवारी पार्किंगमध्ये बायको आणि मुलाला घेऊन माप काढलं. घरचा वजनकाटा एका चाकाखाली, बाकीच्या चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या, मी सीटवर बसलेलो, आणि एकेक चाक करत काटा फिरवला. पुढे ७०. डावं साइड व्हील ४०, उजवं ३८. मधल्या चाकावर फक्त ५६ किलो! एकूण २०४ किलोची गाडी, इंजिनाचा सगळा जोर मधल्या चाकातून रस्त्यावर उतरणार, मागचा ब्रेकही त्याच चाकाला, आणि त्याच्यावर वजन पाव हिश्शाच्या जरा वर. साइड व्हील ना गाडी ओढतात ना थांबवतात, पण ७८ किलो खाऊन बसली होती.

लॉकनट ढिले करून दोन्ही साइड व्हील थोडी वर घेतली. परत काटा लावला, दोन्हीकडे २२-२२, मधल्यावर ९०. टायर तोच. दुसऱ्या दिवशी तोच चढ, तोच गाळ, गाडी सरळ वर. म्हणून स्पष्ट सांगतो, टायरवर पैसे घालू नका, साइड व्हीलवरचं वजन कमी करा. आणि पकड यावी म्हणून मागची हवा कमी करण्याचा सल्ला जो देतो त्याचं ऐकू नका. हवा कमी केली की टायर दबतो, मागची बाजू खाली बसते, साइड व्हीलवर अजून भार जातो, म्हणजे घसरण कमी होण्याऐवजी वाढते. मी हे दोन वर्षं करत होतो आणि टायरला शिव्या देत होतो.

नेरूळकरीण
दादा, तुमचा डावा पाय चालतो. गाडी कलली तर तुम्ही तो टेकवता. माझ्या दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, आहेत.

मागच्या पावसाळ्याआधी मीही हेच ऐकून साइड व्हील वर करून घेतली होती. फिटरने जमिनीपासून एक इंच वर ठेवली. नेरूळच्या सिग्नलला उभी होते, रस्ता गटाराकडे उतरता, गाडी डावीकडे कलली, मला वाटलं आता साइड व्हील टेकेल आणि थांबेल, पण मागे आई बसलेली, तिचंही वजन तिकडेच गेलं आणि दोघी खाली. माझं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे मी पडले ती घसरून नाही, उभ्या गाडीवरून पडले. चाक फिरलं तर माणूस अडकतो, कोणीतरी ढकलतं. गाडी कलली की हाड मोडतं. ज्यांना पाय टेकवता येत नाही त्यांना "वर करा" असं सरसकट सांगू नका, ही कळकळीची विनंती.

रबरवाला
टायरचा दोष नाही हे मला अजिबात पटत नाही. तुर्भ्याला टायरचं काम करतो, साइड व्हीलच्या गाड्या आठवड्याला दोन-तीन येतात. साध्या स्कूटरचा टायर गोल असतो कारण ती वळताना झुकते, सगळा टायर थोडा थोडा झिजतो. साइड व्हीलची गाडी झुकतच नाही, त्यामुळे मधोमध दोन बोटांचा पट्टा सपाट होतो आणि कडेची नक्षी नवी दिसते. गिऱ्हाईक कडेला बघून म्हणतं अजून खूप आहे. नखाने मधे खरवडून बघा, तिथे गोटा झालेला असतो. कायद्याने दुचाकी-तीनचाकीला नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर लागते, ती मधे मोजायची.

दुसरं, आपली लोकं रोजची दहा-बारा किलोमीटर चालवतात, टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. असं रबर कडक होतं, त्यावर ९० किलो ठेवा नाहीतर ९०० ठेवा, रस्त्यावरच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर ते साबणासारखंच चालणार. खाडीपलीकडचा यांनी टायर नवा घातला होता म्हणून वजनाचा उपाय लागू पडला, गोटा टायरवर पडला नसता.

खाडीपलीकडचा
रबरवाला, मधल्या पट्ट्याचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण क्रम महत्त्वाचा. आधी वजन मोजा, मग टायर. लोक उलटं करतात, दीड-दोन हजार घालतात आणि गाडी तशीच घसरते.

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण एक इंच फट ठेवा असं मी म्हणत नाहीये, माझी दोन्ही साइड व्हील टेकलेलीच आहेत, २२-२२ किलो आहेत त्यांच्यावर. फट ठेवणं हा तुमच्या फिटरचा चुकीचा उपाय होता. टेकलेलं चाक आणि दाबलेलं चाक यात फरक आहे.

नेरूळकरीण
फरक पार्किंगमध्ये आहे. रस्ता सपाट कुठे असतो? नव्या डांबराचा थर, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, पेव्हर ब्लॉक खचलेले. तुमचे २२ किलो एका खड्ड्यात शून्य होतात आणि गाडी तिकडे कलते.

सह्याद्री रायडर
मला पायाचा त्रास नाही, पण तीनचाकी मोटारसायकलींचं वेड आहे म्हणून लिहितो. कॅन-अ‍ॅम स्पायडर, २००७ मध्ये आली, पुढे दोन चाकं मागे एक, आणि जोर त्या मागच्या एकट्या चाकाला. म्हणजे दुखणं आपलंच. तिला मागे २२५/५०-१५ चा कारसारखा सपाट रुंद टायर आहे, आणि तरी पावसात मागचं चाक फिरण्याची तक्रार तिचे मालक करतात, कारण रुंद टायरला त्याच वजनात पाणी बाजूला सारणं जास्त जड जातं. चाक सुटलं की कॉम्प्युटर इंजिनाचा जोर कापतो, म्हणून गाडी सावरते. आपल्या स्कूटरला तो कॉम्प्युटर नाही, म्हणजे ते काम उजव्या मनगटाने करायचं. त्यामुळे कोणी रुंद टायर सुचवला तर घाई करू नका.

माझा प्रश्न वेगळा आहे, मधलं चाकच काढून मागे रिक्षासारखी दोन चाकं का लावत नाही? मग कलणंही नाही आणि फिरणंही नाही.

स्टँड नंबर २
कोपरीला रिक्षा चालवतो अठरा वर्षं. फिरणं नाही असं कोणी सांगितलं? रिक्षाला डिफरन्शियल असतं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, त्यामुळे एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि सुक्यातलं चाक नुसतं उभं राहतं. तीन पॅसेंजर बसले की मागची बाजू दबून बसते, पावसात बरी चालते. रिकामी रिक्षा ब्रेक मारला की मागून सरकते, म्हणून पावसात रिकामी असताना मी जास्त सांभाळून चालवतो. वजनाचं जे म्हणणं आहे ते शंभर टक्के खरं आहे.

पाना नंबर १४
वीस वर्षं साइड व्हीलची किट बसवतोय, वागळे इस्टेटला. दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत, जरा सविस्तर सांगतो.

आधी ते दोन चाकांच्या एक्सलचं. डिफरन्शियल न टाकता सरळ दांडा टाकतात काही ठिकाणी, मग दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि वळणावर गाडी वळायलाच बघत नाही, सरळ जाते. एकाच चाकाला चेन दिली तर रेस देताना एका बाजूला ओढते. नीट करायचं तर खर्च वाढतो, आणि गाडीत बदल केला की आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्या वाटेला विचार करून जा.

आता साइड व्हील. खरा मुद्दा वर की खाली हा नाहीच, मुद्दा स्प्रिंगचा आहे. काही किटला शॉकअप नसतो, चाक सरळ लोखंडी पट्टीवर. तसल्या गाडीवर मागे माणूस बसला की गाडीची स्प्रिंग दबते, चेसिस खाली येते आणि वाढलेला भार जवळजवळ सगळा साइड व्हील घेतात, मधल्याला काहीच मिळत नाही. म्हणजे डबल सीट असताना जास्त घसरते! लोक येऊन सांगतात की वजन वाढलं तरी पकड का नाही, हे त्याचं कारण. सोसायटीच्या गेटवरच्या खळग्यातही तेच, दोन्ही साइड व्हील कडेवर चढतात आणि मधलं अधांतरी. शॉकअपवालं किट असेल तर चाक खड्ड्यात खाली जातं, उंचवट्यावर वर येतं, आणि मधलं चाक रस्त्याला धरून राहतं.

पण स्प्रिंग मऊ पाहिजे की कडक हे माणसावर आहे. ज्याला एक पाय टेकवता येतो त्याला मऊ. ताईंसारख्यांना कडकच द्यावी लागते, आणि तिथे मधल्या चाकाची थोडी पकड आम्ही जाणूनबुजून सोडतो. त्यांनी मग चढावर गाडी थांबू द्यायची नाही, रेस हळू द्यायची, आणि वळणात पिळायची नाही. ही गाडी झुकत नाही, वळताना भार बाहेरच्या साइड व्हीलवर जातो आणि मधलं चाक नेमकं तेव्हाच हलकं होतं. ब्रेकचंही तसंच, नुसता मागचा दाबला की चाक लॉक होऊन मागची बाजू फिरते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय) किंवा एबीएस सक्तीचं झालं, सीबीएसमध्ये डाव्या लिव्हरने पुढचाही लागतो, ते फार उपयोगी पडतं. जुन्या गाडीवाल्यांनी दोन्ही ब्रेक एकत्र लावायची सवय करा.

खाडीपलीकडचा
पाना नंबर १४, कडक स्प्रिंगने पकड सोडायची हे मला अजूनही पटत नाही. हिशोब करून बघा. आठ फुटाला एक फूट चढ असेल तर २०४ किलोची गाडी वर न्यायला साधारण २५ किलोचा जोर लागतो. ५६ किलोवाल्या चाकाला आपल्या वजनाच्या ४५ टक्के पकड मिळाली पाहिजे, ९० किलोवाल्याला २८ टक्के पुरते. शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर ४५ टक्के कुठून आणणार? हळू रेस दिल्याने तो आकडा बदलत नाही. माणूस चढावर अडकला, गाडी मागे सरकायला लागली, तर ती काय सुरक्षित गोष्ट आहे का?

पाना नंबर १४
आकडा बदलत नाही, मान्य. पण एकदा फिरायला लागलेलं चाक न फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी पकडतं, म्हणून हळू सांगतो. आणि ताईंना मी त्या चढावरून जा असंही सांगणार नाही.

नेरूळकरीण
मी कुठून जायचं ते मी ठरवते 🙂 पण मनापासून सांगते, तुमचं दोघांचं वाचून काल भावाकडून वजनकाट्याचा प्रयोग करून घेतला. किट शॉकअपवालं आहे, पडल्यावर परत खाली करून घेतलं होतं. उजवीकडे ३१ आणि डावीकडे ५२ निघाले. तीनदा मोजलं, गाडी उलट तोंड करूनही मोजलं म्हणजे फरशीचा उतार नाही, मी मधोमध बसले होते. मधल्यावर ५४. म्हणजे मधलं हलकं आहे हे खाडीपलीकडचा यांचं मान्य, पण दोन बाजूंत २१ किलोचा फरक कशाने? डावा नट वर घेऊ का?

पाना नंबर १४
ताई, नट फिरवू नका आत्ता. पडलात तेव्हा गाडी डाव्या अंगावर पडली ना? डावा ब्रॅकेट चाकाच्या बाजूने वर वाकला असणार, त्यामुळे गाडी डावीकडे कललेली राहते आणि भार तिकडे जातो, नट वर घेतला तर अजून कलेल. जवळच्या फिटरकडून दोन्ही बाजूचे शॉकअप काढून घ्या आणि शेजारी शेजारी उभे करा, उंची सारखी भरली तर स्प्रिंग ठीक आहेत. मग पट्टीला दोरी लावून बघायला सांगा, वाक लगेच दिसतो. वेल्डिंगच्या जोडाजवळ रंगाला बारीक चीर दिसली तर तो ब्रॅकेट सरळ करून परत लावू देऊ नका, बदलायला लावा. तोपर्यंत आईंना मागे बसवू नका.