बेअरिंग पुन्हा गेलं? आधी क्रँकची भोकं बघा
इंजिनचं काम झाल्यावर ५०० किलोमीटरच्या आत क्रँकचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्याचं) बेअरिंग वाजलं म्हणजे मालच डुप्लिकेट, असं एकाचं म्हणणं आहे. असेलही, पण माझा पहिला संशय ग्राइंडिंगवर. क्रँक घासून आणला की त्याची बारीक पूड आतल्या तेलाच्या भोकांत साचते. काही क्रँकमध्ये या भोकांची टोकं बुचं मारून बंद केलेली असतात. ती काढल्याशिवाय नुसती हवा मारून काही निघत नाही. माझ्या जुन्या गाडीत हेच झालं. वरून क्रँक आरशासारखा, पण बूच काढून लांब ब्रश फिरवला तर काळी पेस्ट आली, बोटांत चोळली तर कचकच लागली. बेअरिंगच्या मऊ थरातही तेच कण रुतलेले. (क्रँक घासणारा टर्नर म्हणाला, "धुऊन दिला होता.")

बेअरिंगचा नवीन सेट मागवण्याआधी ऑइल फिल्टर कापा, आतला कागद पिळून उलगडा आणि चुंबक फिरवा. चिकटेल ते लोखंड. चमकतं पण चिकटत नाही ते बहुधा बेअरिंगचं, नाहीतर पिस्टनचं ॲल्युमिनियम. आणि ऑइल कूलर (तेल थंड करणारा भाग) असेल तर तो धुण्याच्या भानगडीत पडू नका, सरळ बदला. त्याच्या बारीक नळ्यांतला चुरा नव्या बेअरिंगवर येतोच.