अनलॉक्ड फोनचे बँड आपल्या नेटवर्कशी जुळतात का, हे घेण्याआधी कसं तपासायचं?

खिडकीपाशी (प्रश्न)

दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनवलेला एक अनलॉक्ड फोन घ्यायचा विचार आहे. विकणाऱ्याचं म्हणणं, "अनलॉक्ड आहे, कुठलंही सिम टाका, चालेल." फोनच्या माहितीत बँड असे दिलेत:

४जी: १, ३, ५, ७, ८, ३४, ३८, ३९, ४०, ४१
५जी: एन१, एन३, एन४१, एन७८

माझ्या मोबाइल कंपनीच्या साइटवर मात्र नुसते आकडे आहेत: ४जी ७००, ८००, १८००, २१००, २६०० मेगाहर्ट्‌झ आणि ५जी ३५००. एकीकडे बँडचे नंबर, दुसरीकडे मेगाहर्ट्‌झ. हे जुळवायचं कसं? शिवाय कंपनीने ३जी बंद केलंय, २जी तर केव्हाच गेलं. कॉल लागतील ना?

बिनतारी

आधी एक घोळ मिटवू. अनलॉक्ड म्हणजे फोनला एका कंपनीच्या सिमशी बांधणारं कुलूप निघालंय, बस. त्या फोनचा रेडिओ कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतो याच्याशी कुलपाचा काही संबंध नाही. विकणारा खोटं बोलत नाहीये, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देत नाहीये.

आता तुमचे आकडे. बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा ठरलेला, नंबर दिलेला पट्टा. १८०० म्हणजे बँड ३, २६०० म्हणजे बहुतेक बँड ७, ५जी ३५०० म्हणजे एन७८. इथवर सोपं आहे. खरी मेख ७००, ८०० आणि २१०० मध्ये आहे, कारण एकाच आकड्याच्या नावाखाली वेगवेगळे बँड फिरतात.

७०० चंच घ्या. बँड १२ मध्ये टॉवर ७२९ ते ७४६ वर पाठवतो, बँड १३ मध्ये ७४६ ते ७५६ वर आणि बँड २८ मध्ये ७५८ ते ८०३ वर. तिघांनाही बोलताना "७००" म्हणतात. बँड १२ असलेला फोन बँड २८ च्या टॉवरखाली नेला तर त्याला काहीच ऐकू येणार नाही.

२१०० ची गंमत आणखी वेगळी. बँड १ मध्ये टॉवर २११० ते २१७० वर पाठवतो आणि फोन १९२० ते १९८० वर उत्तर देतो. बँड ४ मध्ये टॉवरची बाजू २११० ते २१५५, म्हणजे जवळपास तीच, पण फोनने उत्तर द्यायचं १७१० ते १७५५ वर. म्हणून नुसता "२१००" वाचून जुळलं असं समजू नये. बँड ६६ हा बँड ४ चा रुंद अवतार आहे. नेटवर्क ६६ वर आणि फोनमध्ये फक्त ४ असेल, तर चालेलच याची खात्री नाही.

८०० मेगाहर्ट्‌झ बहुतेक ठिकाणी बँड २०, म्हणजे टॉवर ७९१ ते ८२१ वर. पण काही देशांत बँड १८, १९ किंवा २६ लाही सैलपणे ८०० म्हणतात. तुमच्या कंपनीकडे ७००, ८००, १८००, २६०० आणि ३५०० असा संच आहे, त्यावरून मी ७०० म्हणजे २८, ८०० म्हणजे २० आणि २१०० म्हणजे १ धरेन. तरी अंदाजावर पैसे घालू नका, खाली तपासायची रीत देतोय.

हे धरून चाललं तर हिशेब असा: १, ३, ७ आणि एन७८ जुळले. २० आणि २८ नाहीत. आणि नेमके हेच दोन महत्त्वाचे. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि भिंतीतून आत येते, म्हणून कंपन्या गावाबाहेरचा आणि घरातला बहुतेक भार तिच्यावरच टाकतात. हा फोन रस्त्यावर झकास चालेल, वेग मोजाल तर खूशही व्हाल. लिफ्टजवळ, तळघरात किंवा हायवेवर टॉवर विरळ झाले की सिग्नल गुल. यादीत दहा बँड आहेत की वीस, याला फारसा अर्थ नाही. तुमच्या कंपनीचे एक हजार मेगाहर्ट्‌झखालचे बँड त्यात आहेत का, हे पहिलं बघायचं.

तपासायची रीत: तुमच्या कंपनीचं सिम असलेला आत्ताचा फोन घ्या. सॅमसंग असेल तर डायलरमध्ये *#००११# टाका, आयफोन असेल तर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबा. बाकी अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टरसारखं ॲप बँड दाखवतं. काही कंपन्यांनी विकलेल्या सॅमसंगमध्ये तो कोड बंद केलेला असतो, तेव्हाही ॲपच वापरा. घरात खिडकीपाशी, आतल्या खोलीत, ऑफिसात आणि येण्याजाण्याच्या वाटेवर अशा चार-पाच ठिकाणी नोंद करा. मात्र हातातल्या फोनमध्येच तो बँड नसेल तर तो दिसणारही नाही. म्हणून भरपूर बँड असलेला फोन वापरा, किंवा सेलमॅपरच्या नकाशावर आपल्या भागातले टॉवर बघा.

खटपट्या

बिनतारी यांनी बँडचं सांगितलंच आहे. मी त्याआधीच्या पायरीबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची फसगत तिथे होते. फोनचं नाव पुरेसं नाही, मॉडेल नंबर लागतो. एकाच नावाखाली चार-पाच मॉडेल विकली जातात आणि प्रत्येकातले बँड वेगळे असतात.

गॅलॅक्सी एस२३ चं उदाहरण: एसएम-एस९११बी हे आंतरराष्ट्रीय मॉडेल, एस९११यू अमेरिकी कंपन्यांचं, एस९११यू१ अमेरिकेतलं अनलॉक्ड, एस९११डब्ल्यू कॅनडाचं, एस९११एन कोरियाचं. डबा सारखा, नाव सारखं, बँड आणि कॉलची सोय वेगळी.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा. "मॉडेल नंबर" समोर एम ने सुरू होणारा मजकूर दिसेल, त्यावर एकदा टिचकी मारली की ए आणि चार अंकी आकडा येतो. तो खरा. ॲपलच्या साइटवर त्या ए-नंबरनुसार बँडची यादी असते. जाता जाता: पहिलं अक्षर एम ऐवजी एफ असेल तर फोन कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकलेला आहे, एन असेल तर बदली म्हणून दिलेला. त्याच पानावर खाली "कॅरियर लॉक" समोर "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असं असलं तरच तो अनलॉक्ड समजा.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या "अबाउट फोन"मध्ये मॉडेल नंबर मिळतो. दुरून घेत असाल तर विकणाऱ्याकडून दोन स्क्रीनशॉट मागवा: एक या पानाचा, दुसरा *#०६# टाकल्यावर येणाऱ्या आयएमईआयचा, म्हणजे त्या फोनच्या ओळख क्रमांकाचा. आयएमईआय पंधरा अंकी असतो आणि त्यातले पहिले आठ अंक फोनचं मॉडेल सांगतात. कंपन्यांच्या "तुमचा फोन चालेल का" या पानांवर हाच नंबर टाकायचा असतो. चोरीचा म्हणून काळ्या यादीत गेलाय का, हेही त्यावरूनच कळतं. काळ्या यादीतला फोन अनलॉक्ड असूनही नेटवर्क घेणार नाही.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी आणखी एक पक्की जागा आहे. फोनचा एफसीसी आयडी (तिथल्या दूरसंचार नियामकाचा मंजुरी क्रमांक) शोधला तर चाचणी अहवाल मिळतात आणि कुठल्या बँडवर फोन तपासला ते त्यात लिहिलेलं असतं. मात्र तिथे मंजुरी लागणारेच बँड त्यात येतात, त्यामुळे एखादा बँड अहवालात नाही म्हणून फोनमध्येही नाही असं समजू नका. फोनची माहिती देणाऱ्या जीएसएमअरीनासारख्या साइटवर बघताना पहिलीच यादी उचलू नका, बऱ्याचदा त्याखाली मॉडेलनुसार वेगळ्या ओळी असतात.

अनुजा_आरएफ

कॉलचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि त्याला अजून कुणी हात घातला नाही.

४जी मूळचं फक्त डेटासाठी आहे. पूर्वी कॉल आला की फोन गुपचूप ३जी किंवा २जी वर उतरायचा. तुमच्याकडे तो जिना काढून टाकलाय, म्हणजे कॉल फक्त व्होल्टीवर (४जी वरूनच जाणारा कॉल), आणि व्होल्टीसाठी बँड जुळून भागत नाही. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या कंपनीची व्होल्टी प्रोफाइल असावी लागते. आयफोनमध्ये ती कॅरियर सेटिंग्जमधून येते, अँड्रॉइडमध्ये फोन बनवणाऱ्याने ती आत घातलेली असावी लागते. वर काही कंपन्या आपल्याकडच्या मान्य मॉडेलच्या यादीतले फोनच व्होल्टीवर घेतात. फोन सगळं करू शकतो, पण यादीत नाव नाही म्हणून दार बंद.

याचं लक्षण फसवं असतं: पूर्ण काड्या, डेटा सुसाट, आणि कॉल लावला की दोन सेकंदांत "मोबाइल नेटवर्क उपलब्ध नाही". ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ३जी बंद व्हायला लागलं तेव्हा, ४जी वरून आपत्कालीन नंबर लावू न शकणारे फोन नेटवर्कवरून काढून टाकण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं गेलं. बँड जुळत असलेले कित्येक परदेशी फोन त्यात अडकले.

५जी चंही थोडं. एन७८ हा ३३०० ते ३८०० आणि एन७७ हा ३३०० ते ४२०० आहे. तुमचं ३५०० दोन्हीत बसतं, पण नेटवर्क स्वतःची ओळख ज्या नंबराने देतं तो फोनमध्ये हवा. शिवाय बहुतेक ठिकाणी ५जी अजून ४जी च्या खांद्यावर चालतं. म्हणजे एक ४जी बँड आणि एक ५जी बँड अशी जोडी फोनला एकत्र जमली पाहिजे. समजा नेटवर्क बँड २० च्या आधाराने एन७८ देतंय आणि फोनमध्ये २० नाही, तर एन७८ असूनही तिथे ४जी च दिसेल.

आणि बँड २८ बद्दल एक बारकावा. हा बँड इतका रुंद आहे की एका फिल्टरमध्ये मावत नाही. म्हणून फोनची उत्तराची बाजू दोन तुकड्यांत करतात, २८ए म्हणजे ७०३ ते ७३३ आणि २८बी म्हणजे ७१८ ते ७४८. काही फोनांत फक्त २८ए असतो. यादीत "२८" लिहिलं असलं तरी कुठला तुकडा, ते बघा.

खिडकीपाशी

सगळ्यांचे आभार. सॅमसंगवर कोड टाकून पाहिलं. खिडकीजवळ "बँड ३, ईएआरएफसीएन १३००" येतं. आतल्या खोलीत "बँड २०, ६३००" आणि आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १०४. हे ईएआरएफसीएन म्हणजे काय? आणि विकणारा आता म्हणतोय, फोन रूट करून (सॉफ्टवेअरचा पूर्ण ताबा घेऊन) बँड २० "उघडून" देतो. जमतं का?

बिनतारी

तो चॅनेलचा नंबर. प्रत्येक बँडची सुरुवात ठरलेली असते आणि पुढे एकेक नंबर म्हणजे ०.१ मेगाहर्ट्‌झ. बँड ३ ची सुरुवात १२०० ला, १८०५ मेगाहर्ट्‌झपासून. म्हणून १३०० म्हणजे १८०५ अधिक १०, एकूण १८१५. बँड २० ची सुरुवात ६१५० ला, ७९१ पासून. ६३०० म्हणजे ७९१ अधिक १५, एकूण ८०६. म्हणजे तुमचं "८००" नक्की बँड २० च.

आरएसआरपी उणे ८५ च्या आसपास असेल तर दणदणीत, उणे १०० ला मध्यम, उणे ११५ नंतर रडतखडत. तुमच्या आतल्या खोलीत बँड २० वरच उणे १०४ आहे. तो नसलेला फोन तिथे बँड ३ पकडायला धडपडेल, बॅटरी खाईल आणि बऱ्याचदा "नो सर्व्हिस" दाखवेल. हा फोन सोडा.

अनुजा_आरएफ

"उघडून देतो" याबद्दल: प्रत्येक बँडला स्वतःचा फिल्टर, ॲम्प्लिफायर आणि त्यानुसार जुळवलेला अँटेना लागतो. तो बोर्डवर नसेल तर सॉफ्टवेअर काय उघडणार? कधीकधी सगळ्या देशांसाठी एकच बोर्ड वापरलेला असतो आणि बँड नुसता बंद ठेवलेला असतो, तेव्हा क्वालकॉमची चिप असलेल्या काही फोनांवर हे चालून जातं. पण त्या बँडसाठी कारखान्यात कॅलिब्रेशन झालेलं नसेल तर सिग्नल कमजोरच राहतो, आणि या खटाटोपात मॉडेमची फाइल बिघडली तर आयएमईआयच गायब होतो. मग फोन म्हणजे वायफायवर चालणारी पाटी.

खटपट्या

दुसरा फोन बघाल तेव्हा परतीची मुदत असलेलाच घ्या आणि पहिल्याच दिवशी एवढं करा. स्वतःचं सिम टाकून फोन एकदा बंद-चालू करा. अँड्रॉइडवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकून "फोन इन्फर्मेशन"ला जाऊन नेटवर्कचा प्रकार "एलटीई ओन्ली" करा आणि एक कॉल लावा, एक घ्या. दोन्ही झाले तर व्होल्टी चालू आहे. कॉल चालू असताना डेटाही सुरू राहतो का ते बघा. मग त्याच आतल्या खोलीत जाऊन बँड २० दिसतो का तपासा. झालं की सेटिंग पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर ५जी का येत नाही म्हणून इथेच नवा धागा निघेल.

दोन सिमचा फोन असेल तर हे सगळं दुसऱ्या खाचेतही करा, कारण काही मॉडेलमध्ये दुसऱ्या सिमला ५जी मिळत नाही. आणि आयफोन बघत असाल तर अमेरिकेसाठी बनलेल्या १४ पासून पुढच्या मॉडेलना सिमची खाचच नाही. तुमची कंपनी ईसिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलं जाणारं सिम) देते का, हे फोन बघण्याआधी विचारा.