अनुभव धागा: बुजऱ्या नातवंडाशी गट्टी कशी जमली?

आमची नात साडेचार वर्षांची. बंगळूरहून सुट्टीला आली की पहिले तीन दिवस सोफ्यामागे. यंदा मी पहिल्याच संध्याकाळी शेजाऱ्यांसमोर "कविता म्हणून दाखव" म्हटलं आणि चौथा-पाचवा दिवसही घालवला. शेवटी तिच्या मागे लागणं सोडलं आणि पडवीत एकटीच चिंचोके घासत बसले. एक बाजू पांढरी होईपर्यंत खरखरीत फरशीवर घासायचे, असे चार झाले की चल्लस-आठ खेळता येतं. थोड्या वेळानं शेजारी सावली पडली. "मी घासू?"

मग खडूनं पाच बाय पाच घरं आखली. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे तर आठ (आमच्याकडे असंच, नियमांवरून भांडू नका). तिनं माझी सोंगटी मारली तेव्हा केलेला आरडाओरडा त्याच शेजाऱ्यांनी ऐकला.

तुमच्याकडे काय चाललं? सविस्तर लिहा.

*

सांगलीचे आजोबा: नातू न्यू जर्सीत वाढलेला. मराठी कळतं, पण बोलत नाही, आणि माझं इंग्रजी ऐकून तोच ओशाळतो. बदाम सात काढलं. बदामाची सत्ती ज्याच्याकडे त्यानं उतरायचं, पुढे फक्त पानं लावत जायची. बोलण्याचं कामच नाही. लावायला पान नसेल तर "पास". पठ्ठ्यानं किल्वरची अठ्ठी शेवटपर्यंत दाबून ठेवली, माझ्या हातात नव्वी, दश्शी, गुलाम कुजत पडले. आता फोनवर आला की नमस्कार-चमत्कार काही नाही, मिश्कील हसून विचारतो, "आजोबा, पास?"

*

पत्ते आमच्याकडे नाही चालत. हरला की दोन दिवस अबोला. मुद्दाम हरले तर ओळखतो आणि जास्तच चिडतो. कुणाकडे उपाय आहे का?

*

नाशिकची आजी: आमचे हे स्वतःच मुलखाचे अबोल, त्यामुळे दोघांचं कसं जमणार ही मला धास्ती. दिवाळीला किल्ला करायला बसले. दोन दुपारी माती, गोणपाट, विटा, आणि तोंडातून शब्द नाही कुणाच्या! अळीव पेरले, रोज सकाळी दोघं उकिडवे बसून कोंब बघायचे. किल्ला बघायला सोसायटीतले लोक आले तसा नातू ह्यांच्या पाठीमागे. पण कुणीतरी "छान झालाय प्रतापगड" म्हणालं, आणि हा तरातरा पुढे, "रायगड आहे! हे काय टकमक टोक!" (टोक बाकीच्या किल्ल्याच्या दुप्पट होतं, पण ते असो.)

*

मी आजी नाही, मी ते बुजरं नातवंड होते. पाहुणे आले की आजी मला स्वयंपाकघरात बोलवायची आणि मोड आलेल्या वालांची परात पुढे करायची. भिजलेला वाल चिमटीत दाबला की सालातून सुळकन उडतो. कुणाचा लांब जातो, ही आमची शर्यत. बिरड्यात वाल कमी पडले तर दोघीही गप्प.

*

पत्त्यांवर रुसणाऱ्या नातवाच्या आजीला: ताई, त्याच्याविरुद्ध खेळूच नका. तुम्ही आणि तो एका बाजूला, आजोबा दुसरीकडे, पानं दोघांत मिळून. फक्त आजोबांना आधी कल्पना द्या, आमचे रुसले होते.